बाह्य ऊर्जेविना स्पर्श : जैवप्रेरित कृत्रिम त्वचेची तत्त्वे आणि मर्यादा

प्रस्तावना :

पंचज्ञानेंद्रियांपैकी डोळा आणि कान यांची यांत्रिक प्रतिरूपे मानवाने फार पूर्वी सिद्ध केली. कॅमेरा व मायक्रोफोन ही ती प्रतिरूपे होत. त्वचेचे प्रतिरूप मात्र अद्याप पूर्णत्वास गेलेले नाही. याचे एक कारण असे की, डोळ्याप्रमाणे किंवा कानाप्रमाणे त्वचा एका जागी सामावलेली नाही. प्रौढ माणसाच्या शरीरावर ती सुमारे १.५ ते २ चौरस मीटर क्षेत्रफळावर पसरलेली असते. ती वाकते, ताणली जाते, घामेजते, खरचटते आणि पुन्हा भरून येते. दुसरे कारण अधिक गहन आहे. डोळा केवळ प्रकाश जाणतो, कान केवळ ध्वनी जाणतो. त्वचेचा एकच लहानसा भाग मात्र दाब, कंप, ताण, ऊब, गारवा आणि वेदना या सर्वांची वार्ता एकाच वेळी मेंदूकडे पाठवत असतो.

न्यायशास्त्राच्या 'तर्कसंग्रह' या प्रवेशग्रंथात स्पर्श हा केवळ त्वगिंद्रियाने जाणला जाणारा गुण मानला असून शीत, उष्ण आणि अनुष्णाशीत असे त्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. म्हणजे ज्यास आज आपण तापमान म्हणून वेगळे काढतो, ते तेथे स्पर्शाच्याच पोटात घेतले आहे. आधुनिक भौतिकशास्त्राने दाब आणि तापमान या दोन राशी स्वतंत्र केल्या. परंतु कृत्रिम त्वचा घडवू पाहणाऱ्या अभियंत्यास त्या पुन्हा एकमेकींत मिसळलेल्या आढळतात, हे पुढील विवेचनात दिसून येईल.

गेल्या सुमारे दोन दशकांत 'स्वयंऊर्जित' कृत्रिम त्वचा, म्हणजे विद्युतघट वा अन्य बाह्य पुरवठा न वापरता अनेक उद्दीपने ओळखणारी त्वचा, हा पदार्थविज्ञानातील एक आकर्षक विषय ठरला आहे. या संज्ञेचा नेमका अर्थ काय, नैसर्गिक त्वचेशी तिचे साम्य कोठपर्यंत आहे आणि कोणत्या अडचणी पदार्थाच्या स्वभावातूनच उद्भवतात, यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बधिरतेची किंमत :

स्पर्शज्ञान नसणे म्हणजे काय, हे महाराष्ट्रास निराळे सांगण्याची आवश्यकता नाही. 'बधिर चट्टा' हा शब्दप्रयोग कुष्ठरोग निर्मूलनाच्या प्रचारामुळे खेडोपाडी पोहोचला. बाबा आमटे यांनी १९४९ साली वरोऱ्याजवळ आनंदवनाची स्थापना केली, त्या काळी कुष्ठरोगाने बोटे झडतात असाच सार्वत्रिक समज होता. वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ पासून कार्य करणारे शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांनी हा समज तपासून पाहिला. रोगजंतू चेतातंतूंना इजा करतात, हे खरे. परंतु बोटांचा नाश प्रामुख्याने त्यानंतरच्या न जाणवलेल्या जखमांमुळे होतो, असे त्यांच्या ध्यानात आले. चुलीवरचे तापलेले पातेले हाताने उचलले तरी हात मागे येत नाही. पायात खिळा रुतला तरी चाल बदलत नाही. फोड फुटतो, चिघळतो, हाडापर्यंत जातो. दीर्घकालीन मधुमेहात तळपायांचे जे होते, त्यामागेही बव्हंशी हीच बधिरता असते.

डॉ. ब्रँड पुढे अमेरिकेतील लुइझियाना राज्यात कारव्हिल येथील कुष्ठरोग रुग्णालयात गेले. तेथे त्यांनी अभियंत्यांच्या साहाय्याने कृत्रिम वेदनायंत्रणा उभारण्याचा प्रयत्न केला. हातमोज्यांत व पायमोज्यांत दाबसंवेदक बसवावयाचे आणि दाब धोक्याच्या मर्यादेपलीकडे गेला की रुग्णास प्रथम ध्वनीने व पुढे विजेच्या सौम्य धक्क्याने सावध करावयाचे, अशी ती योजना होती. प्रयत्न फसला. संवेदक नाजूक होते, ते वारंवार निकामी होत. याहून बोलके कारण मानवी स्वभावाचे होते. एखादे अवघड काम पुरे करावयाचे असले की रुग्ण संकेत बंद करीत, काम उरकीत आणि मग तो पुन्हा सुरू करीत. या अनुभवाची हकिकत डॉ. ब्रँड यांनी फिलिप यान्सी यांच्यासमवेत लिहिलेल्या व १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या वेदनाविषयक ग्रंथात नमूद आहे.

या अपयशात कृत्रिम त्वचेकडून असणाऱ्या अपेक्षांची जणू यादीच सापडते. तिने रोजच्या कष्टात टिकावे, दाबाबरोबर चटकाही ओळखावा आणि तिचा प्राण कोठल्याही बटणावर किंवा संपणाऱ्या घटावर अवलंबून असू नये. यांपैकी तिसरी अपेक्षा सर्वांत कठीण आहे.

नैसर्गिक त्वचेची कार्यपद्धती :

स्वीडनमधील जोहान्सन व वॉल्बो यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार मानवी हाताच्या तळव्याकडील त्वचेत यांत्रिक स्पर्श जाणणारे सुमारे १७,००० चेतातंतू असतात; बोटाच्या टोकाशी त्यांची घनता दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २४० इतकी भरते. हे तंतू ज्या ग्राही रचनांशी निगडित असतात, त्या मुख्यतः चार प्रकारच्या आहेत. मर्केल ग्राही स्थिर दाब आणि वस्तूच्या कडा जाणतात, तर रुफिनी ग्राही त्वचेचा ताण जाणतात. हातातून निसटू पाहणाऱ्या वस्तूची पहिली चाहूल माइसनर ग्राहींना लागते. पॅसिनी ग्राही सेकंदाला दोनशे-तीनशे कंपांना विशेष संवेदनशील असतात. मर्केल व रुफिनी ग्राही स्पर्श टिकून असेपर्यंत संकेत देत राहतात. उर्वरित दोन केवळ बदलाच्या क्षणी जागे होतात. उष्णता, शीतलता व वेदना यांसाठी चेतातंतूंची मोकळी टोके असतात.

या टोकांवर नेमके काय घडते, याचा उलगडा तुलनेने अलीकडचा आहे. डेव्हिड ज्यूलियस यांनी १९९७ मध्ये मिरचीतील कॅप्सेसिन या द्रव्याच्या साहाय्याने एक आयन-मार्गिका शोधून काढली. सुमारे ४३ अंश सेल्सिअसपुढे ती उघडते. मिरची 'तिखट' न लागता जणू 'भाजते', ते यामुळेच. आर्डेम पटापुटियन यांनी २०१० मध्ये दाबाने उघडणाऱ्या 'पिएझो' मार्गिकांचा शोध लावला. या दोघांस २०२१ चे शरीरक्रियाविज्ञानाचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

येथे एक मुद्दा विशेष लक्षात घ्यावयास हवा, कारण लोकप्रिय लेखनात तो बहुधा सुटतो. स्पर्शाच्या ऊर्जेतून चेतासंकेत निर्माण होत नाही. स्पर्श केवळ दार उघडतो. चेतापेशीच्या पटलाच्या आतील बाजू बाहेरच्या तुलनेने सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. सोडियम-पोटॅशियम पंप प्रत्येक फेरीत तीन सोडियम आयन बाहेर टाकतो व दोन पोटॅशियम आयन आत घेतो आणि त्यासाठी अन्नातून मिळालेली ऊर्जा अहोरात्र खर्च करीत असतो. धरणात पाणी आधीच साठविलेले असावे आणि बोटाच्या हलक्या धक्क्याने त्याचे दार उघडावे, तसा हा प्रकार आहे. दार उघडण्यास अत्यल्प बळ पुरते, परंतु धरण भरण्याची किंमत शरीराने आगाऊ मोजलेली असते. नैसर्गिक त्वचा ऊर्जेविना चालते, असे म्हणणे म्हणूनच शास्त्रदृष्ट्या योग्य नव्हे. तिची ऊर्जा स्थानिक व संचित असते, इतकेच.

'स्वयंऊर्जित' या संज्ञेचा अर्थ :

टोकियो विद्यापीठातील ताकाओ सोमेया यांच्या गटाने २००४-०५ च्या सुमारास लवचीक पटलावर सेंद्रिय ट्रान्झिस्टरांची जाळी रचून दाब व तापमान मोजणारी इलेक्ट्रॉनिक त्वचा सादर केली. तेव्हापासून या क्षेत्रास वेग आला. अशा त्वचेतील प्रत्येक बिंदूस वीज पुरवावी लागते. संपूर्ण शरीराच्या त्वचेवर दर चौरस सेंटिमीटरला केवळ एक संवेदक बसविला, तरी १५ ते २० हजार संवेदक होतात. प्रत्येकास एक मिलिवॅट लागते असे धरल्यास एकूण १५ ते २० वॅट. आजच्या भ्रमणध्वनीतील घट एवढ्या भाराखाली तासाभरात रिकामा होईल.

यावर दोन मार्ग संभवतात. पहिला मार्ग खर्च कमी करून ऊर्जा भोवतालातून मिळविण्याचा. रविंदर दहिया यांच्या ग्लासगो विद्यापीठातील तत्कालीन गटाने २०१७ मध्ये ग्राफीनची पारदर्शक स्पर्शत्वचा सादर केली. तिला दर चौरस सेंटिमीटरला केवळ सुमारे २० नॅनोवॅट शक्ती लागते आणि तिच्याखाली सौरघट ठेवता येतो. दुसरा मार्ग असा की, उद्दीपनानेच स्वतःचा संकेत निर्माण करावा. दाबाने, घर्षणाने किंवा उष्णतेने पदार्थात विद्युतभार उत्पन्न व्हावा आणि तोच वाचला जावा. 'स्वयंऊर्जित' ही संज्ञा काटेकोरपणे या दुसऱ्या मार्गास लागू पडते.

त्यासाठी उपलब्ध असलेले भौतिक परिणाम जुनेच आहेत. घर्षणाने वीज निर्माण होते, हे प्राचीन ग्रीकांना अंबरामुळे ज्ञात होते. तापमानातील फरकापासून विभवांतर मिळते, हे सीबेक यांनी १८२१ मध्ये पाहिले. दाबविद्युत परिणाम झाक व पिएर क्युरी या बंधूंनी १८८० मध्ये स्फटिकांत शोधला. ठिसूळ स्फटिकांची त्वचा होऊ शकत नव्हती. ती उणीव हेइजी कावाई यांनी १९६९ मध्ये भरून काढली. ताणून व तीव्र विद्युतक्षेत्रात ठेवून सिद्ध केलेले पॉलिव्हिनिलिडीन फ्लोराइड, म्हणजेच पीव्हीडीएफ, हे प्लॅस्टिकसारखे बहुवारिक तीव्र दाबविद्युत गुण दाखविते, असे त्यांनी सिद्ध केले. जॉर्जिया टेक येथील झोंग लिन वांग यांच्या गटाने २००६ मध्ये झिंक ऑक्साइडच्या सूक्ष्म तारांपासून आणि २०१२ मध्ये घर्षणविद्युतेपासून चालणारे 'नॅनोजनित्र' मांडले. त्यानंतर या विषयावरील शोधनिबंधांचा अक्षरशः पूर आला.

एका पापुद्र्याचे गणित :

ढोबळ का होईना, आकडे मांडून पाहिल्याशिवाय या दाव्यांचे मोल कळत नाही. एक चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाचा व २८ मायक्रोमीटर जाडीचा पीव्हीडीएफचा पापुद्रा घेतला आणि त्यावर जाडीच्या दिशेने एक न्यूटन बल दिले, म्हणजे सुमारे १०० ग्रॅम वजन ठेवले, तर त्यावर सुमारे २५ पिकोकूलोम विद्युतभार निर्माण होतो. पापुद्र्याची धारकता सुमारे ३८० पिकोफॅरड येते. यावरून विभवांतर साधारण ६५ मिलिव्होल्ट होते. योगायोगाने हा आकडा चेतापेशीच्या विभवाजवळ जातो. मात्र या साम्यात काही अर्थ शोधू नये. संकेतात साठलेली ऊर्जा येते एका पिकोज्यूलहूनही थोडी कमी.

हा संकेत बिनतारी पाठवावयाचा असेल तर काय? दहा मिलिवॅटचा प्रेषक एक मिलिसेकंद चालविण्यास दहा मायक्रोज्यूल लागतात. म्हणजे स्पर्शाने दिलेल्या ऊर्जेच्या एक कोटीपटीहून अधिक. तात्पर्य, संवेदन स्वयंऊर्जित असू शकते. त्याचे वाचन, वर्धन व प्रेषण मात्र अद्याप स्वयंऊर्जित नाही. अनेक निबंधांच्या शीर्षकांत 'स्वयंऊर्जित' हा शब्द ठळकपणे येतो. त्याच निबंधांतील प्रयोगाच्या छायाचित्रात भिंतीवरील विजेस जोडलेला वर्धक दिसतो. यात फसवणूक नाही, परंतु शब्दाची व्याप्ती वाचकाने स्वतःच आखून घ्यावी लागते.

दाब आणि उष्णता यांची सरमिसळ :

पीव्हीडीएफचा दुसरा गुण असा की, तो दाबविद्युत असतो तसाच उत्तापविद्युतही असतो. म्हणजे तापमान बदलले तरी त्यावर विद्युतभार निर्माण होतो. वर घेतलेल्या पापुद्र्याचे तापमान केवळ एका अंशाने बदलले तर सुमारे २,७०० पिकोकूलोम भार उत्पन्न होतो. हा भार जाडीच्या दिशेने दिलेल्या सुमारे १०० न्यूटन बलाइतका, म्हणजे जवळपास दहा किलोग्रॅम वजनाइतका आहे! उबदार बोटाने हलकेच स्पर्श केला तर पापुद्र्याला ते बोट आहे की वरवंटा, हे एका आकड्यावरून कळण्याचा संभव नाही. अनेक उद्दीपने 'जाणणे' सोपे आहे. त्यांना एकमेकांपासून 'वेगळे ओळखणे' हाच खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाची काही उत्तरे निसर्गाच्या रचनेवरून सुचली. दक्षिण कोरियातील उल्सान येथील हयुनह्युब को यांच्या गटाने २०१५ मध्ये बोटाच्या टोकाच्या त्वचेचे अनुकरण केले. आपल्या बाह्यत्वचा व अंतस्त्वचा या दोन थरांच्या सीमेवर एकमेकांत गुंतलेले उंचवटे असतात. त्यांमुळे दाब ग्राहींजवळ एकवटतो. या गटाने पीव्हीडीएफ व क्षपित ग्राफीन ऑक्साइड यांच्या मिश्रणाचे सूक्ष्म घुमट असलेले दोन पापुद्रे समोरासमोर गुंतविले आणि पृष्ठभागावर बोटांच्या ठशांसारख्या रेषा दिल्या. स्थिर दाब व तापमान विद्युतरोधातील बदलावरून आणि शीघ्र कंप दाबविद्युत संकेतावरून ओळखता आले. मनगटावरील नाडीचे ठोके व पृष्ठभागाचा खरखरीतपणा या त्वचेने टिपला. परंतु रोध मोजण्यासाठी बाहेरून विभव द्यावेच लागते. ही त्वचा अर्धीच स्वयंऊर्जित म्हणावी लागेल.

बीजिंग येथील चिनी विज्ञान अकादमीच्या रसायनशास्त्र संस्थेत त्याच वर्षी निराळी युक्ती योजण्यात आली. सच्छिद्र, स्पंजासारख्या आधारावर विद्युतवाहक सेंद्रिय बहुवारिकाचा थर देण्यात आला. उबदार बोट टेकताच वरची व खालची बाजू यांच्या तापमानात फरक पडतो आणि सीबेक परिणामाने सूक्ष्म विभवांतर निर्माण होते. हे विभवांतर तापमानाची वार्ता देते. त्याच वेळी दाबाने छिद्रे मिटतात, वाहक भिंती एकमेकींना चिकटतात, रोध घटतो आणि त्याच विभवांतरामुळे वाहणारी धारा वाढते. विभव व धारा यांचा आलेख काढला तर तापमानाने रेषा सरकते, दाबाने तिचा चढ बदलतो. एका रेषेची दोन लक्षणे, दोन राशी. तापमानातील एक दशांश अंशाहूनही कमी फरक या त्वचेस कळतो. या लेखात आलेल्या युक्त्यांत सर्वांत निर्मळ युक्ती हीच म्हणावी लागेल, कारण येथे उष्णता केवळ मोजली जात नाही. दाब मोजण्यासाठी लागणारी वीजही तीच पुरविते. मात्र वस्तू व त्वचा यांचे तापमान समान असेल तर वीज नाही आणि वीज नाही तर दाबही कळणार नाही. कृत्रिम हाताने सकाळपासून खोलीतच ठेवलेला पेला उचलला, तर नेमकी हीच स्थिती उद्भवते.

पोहांग व स्टॅनफर्ड येथील संशोधकांनी २०२० मध्ये आयनवाहक पदार्थात भार किती काळात स्थिरावतो यावरून तापमान आणि धारकतेवरून ताण वेगळा करून दाखविला. ती रचना बाह्य विजेवर चालते. परंतु सरमिसळ सोडविण्यास काळाचे परिमाण उपयोगी पडते, ही तिची शिकवण स्वयंऊर्जित त्वचेसही लागू आहे. दाबाचा संकेत तत्काळ उमटतो, उष्णता मात्र थरातून झिरपत येते.

येथे नैसर्गिक त्वचेस निर्दोष मानण्याचे कारण नाही. अर्न्स्ट वेबर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच नोंदविले होते की, कपाळावर ठेवलेले थंड नाणे तितक्याच वजनाच्या उबदार नाण्यापेक्षा जड भासते. म्हणजे आपल्याही त्वचेत दाब व तापमान यांची फारकत पूर्ण झालेली नाही. उलट, शरीर या मिश्रणाचा उपयोगही करून घेते. मानवी त्वचेत ओलावा जाणणारे स्वतंत्र ग्राही ज्ञात नाहीत. गारवा आणि स्पर्श यांच्या विशिष्ट संयोगावरून मेंदू 'ओले' असा निर्णय करतो. दोरीवरचा गार कपडा वाळला आहे की दमट, हे पावसाळ्यात हाताला पटकन ठरविता येत नाही, त्याचे रहस्य यात आहे. अभियंते ज्या सरमिसळीस दोष मानतात, त्याच सरमिसळीतून मेंदूने एक नवी संवेदना घडविली आहे.

स्थिर स्पर्शाची अडचण :

स्वयंऊर्जित त्वचेची मूलभूत मर्यादा ऊर्जेच्या नियमातूनच येते. टेबलावर ठेवलेले पुस्तक टेबलास दाबत असते, पण त्यावर कार्य करीत नाही. विस्थापन नाही तेथे कार्य नाही आणि कार्य नाही तेथे नवी ऊर्जा नाही. दाबविद्युत पापुद्रा दाबण्याच्या क्षणी संकेत देतो, सोडण्याच्या क्षणी विरुद्ध संकेत देतो. मधल्या काळात उत्पन्न झालेला भार गळून जातो. वरच्या पापुद्र्यास दहा मेगाओहम रोधाचे नेहमीचे मापक जोडले तर हा भार सुमारे चार मिलिसेकंदांत ओसरू लागतो. अत्युच्च रोधाच्या मंडलाने ही मुदत वाढविता येते, पण अमर्याद नव्हे. घर्षणविद्युत त्वचेची स्थिती तीच आहे: पृष्ठभाग जवळ येताना व दूर जाताना तिच्यात शेकडो व्होल्ट निर्माण होऊ शकतात, परंतु वस्तू धरून ठेवली की ती मुकी होते. शिवाय दमट हवेत व घामाने तिचा भार विरतो. ज्या हाताला ती चढवावयाची तो हात तर घामेजणारच.

पॅसिनी व माइसनर ग्राहींचे अनुकरण या तत्त्वांनी उत्तम साधते. मर्केल ग्राहींचे साधत नाही. नाडी मोजावयाची असेल तर याने बिघडत नाही. परंतु तापलेला तवा चिमट्यात धरून ठेवणाऱ्या हातास, किंवा तासन्‌तास एकाच जागी दाब सोसणाऱ्या मधुमेही तळपायास, मधला काळच महत्त्वाचा असतो.

संचित विभवाकडे :

या कोंडीतून बाहेर पडण्याचा मार्ग पुन्हा शरीराकडेच नेतो. स्पर्शातून ऊर्जा मिळविण्याऐवजी ऊर्जा आधी साठवावी आणि स्पर्शाने केवळ तिचे नियमन करावे. बर्कली येथील आना क्लॉडिया आरियास यांच्या गटाने २०२० मध्ये याच विचाराने दोन विद्युतअग्रांमधील रासायनिक विभव दाबाने बदलणारी त्वचा मांडली. तिला स्थिर दाबही कळतो, कारण विभव तेथे सतत हजर असते.

कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील युता दोबाशी, जॉन मॅडन व सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेले कार्य याहून पुढचे आहे. पाणी व क्षार धारण करणारे मऊ जेल एका बाजूने दाबले की त्यातील द्रव दुसऱ्या बाजूकडे सरकतो. त्याबरोबर आयनही वाहतात, पण सारे सारख्या वेगाने नव्हे. चपळ आयन पुढे जातात, अवजड किंवा जाळ्याला बांधलेले मागे राहतात आणि या ताटातुटीतून विभवांतर निर्माण होते. द्रव संथपणे सरकत असल्यामुळे हा संकेत, रचनेनुसार, काही मिलिसेकंदांपासून शेकडो सेकंदांपर्यंत टिकविता येतो. शीघ्र व मंद अशा दोन्ही ग्राहींच्या स्वभावाची माणसे जशी एकाच घरात नांदावीत, तसे दोन्ही गुण येथे एकाच पदार्थात येतात. जेलमध्ये स्थिर भारांची चढउतार रचून पेशीच्या विभवासारखा कायमचा विभवही त्यांनी निर्माण केला. या जेलमध्ये निर्माण होणाऱ्या भाराची घनता दाबविद्युत व घर्षणविद्युत साधनांपेक्षा दहा हजार ते दहा लाख पटींनी अधिक असल्याचे या गटाने नोंदविले आहे. तीतून मिळालेली धारा उंदराच्या स्नायूस आकुंचित करण्यास पुरेशी ठरली. मध्ये वर्धक नव्हता. चेतातंतूची भाषा आयनांची आहे आणि जेलही तीच भाषा बोलते, म्हणून दुभाष्याची गरज उरली नाही.

अर्थात जेल वाळते. शरीरात रक्तप्रवाह त्वचेस सतत पाणी पुरवितो. हातमोज्यातील जेलला ते कोण पुरविणार? त्यावर आवरण चढविले तर पाणी टिकते, परंतु स्पर्शाची सूक्ष्मता घटते. तापमानाची जाण या जेलमध्ये दाबापासून स्वतंत्रपणे कशी गुंफावी, हेही सोपे नाही, कारण उष्णतेने आयनांची चपळता बदलते आणि दाबाचा संकेतही तिच्याबरोबर हलतो. म्हणजे पीव्हीडीएफच्या पापुद्र्यात भेटलेली सरमिसळ येथे दुसऱ्या रूपाने पुढे येते. त्याखेरीज उंदराच्या एका स्नायूस उत्तेजित करणे आणि माणसाच्या बोटाच्या टोकाइतके, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २४० तंतूंचे, वेगवेगळे संकेत योग्य त्या तंतूंपर्यंत पोहोचविणे यांत फार मोठे अंतर आहे.

स्टॅनफर्ड येथील झेनान बाओ यांच्या गटाने २०२३ मध्ये मऊ, ताणता येणारी व चेतासंकेतांसारखे स्पंद निर्माण करणारी संपूर्ण त्वचा एका उंदराच्या चेतासंस्थेशी जोडली. त्वचेवरील दाब वाढविला की उंदराच्या पायाचे आकुंचन अधिक जोराने होई. दाब, तापमान, स्पंदनिर्मिती आणि चेतासंस्थेशी जोडणी या साऱ्यांचा तिच्यात मेळ बसला आहे. तिला पाच व्होल्टचा पुरवठा मात्र बाहेरून द्यावा लागतो.